आपली गोष्ट आपण सांगावी

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावाहून एका वाचकांचे पत्र आले. पत्रलेखक तेथील एका सेवाभावी क्लबचे सचिव आहेत. ते लिहितात, "आमच्या क्लबला तीस वर्षे होऊन गेली. नेत्रशिबिर, रक्तदान, शालेय साहित्याचे वाटप, उन्हाळ्यातील पाणपोई हे सारे उपक्रम नियमाने चालू आहेत. परंतु बहुतेक सभासदांनी साठी ओलांडली आहे. शिबिराच्या दिवशी वृद्ध रुग्णांना बसमध्ये चढवण्यासाठी जो हात देतो, त्यालाच आता कुणीतरी हात द्यावा लागतो. दरवर्षी आम्ही सुबक अहवाल छापतो, चौकात फलक लावतो, तरुणांची बैठक बोलावतो. ते येतात, चहा घेतात, कौतुक करतात आणि निघून जातात. यंदा शिबिर बंद करावे लागते की काय, अशी चिंता वाटते. काही मार्ग सुचवावा."

हे पत्र मी दोनदा वाचले. त्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य मी स्वतः आमच्या क्लबच्या इतिवृत्तात कधी ना कधी लिहिलेले आहे. म्हणून या वेळच्या लेखात उपदेश करण्याऐवजी आमच्याच गावचा अनुभव सांगतो. त्यात एक लाभ झाला आणि एक अपराधही घडला. दोन्ही सांगितल्याखेरीज उत्तर पुरे होणार नाही.

आमचे गाव कृष्णाकाठचे. सुमारे बारा वर्षांपूर्वी सचिवपद माझ्याकडे होते आणि सभासद वाढवण्याची जबाबदारीही ओघाने माझ्यावर आली. मी मोठ्या उत्साहाने एक माहितीपत्रक तयार केले. स्थापनेपासून किती शिबिरे झाली, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती वह्या वाटल्या, किती झाडे लावली, असे सारे आकडे त्यात तक्त्यांत मांडले. व्यापारी मंडळाच्या सभागृहात तरुणांना निमंत्रण दिले. पडद्यावर चित्रे दाखवायची योजना होती. पहिली चारपाच चित्रे झाली आणि वीज गेली. सभागृहात कुजबुज सुरू झाली. वेळ भरून काढण्यासाठी अध्यक्षांनी, जवळ बसलेल्या एका जुन्या सभासदांना "दोन शब्द बोला" म्हणून उठवले.

हे गृहस्थ पेठेतले किराणा दुकानदार. क्लबमध्ये इतकी वर्षे राहून त्यांनी कधी भाषण केल्याचे कुणाला आठवत नव्हते. शिबिर आले की तांदळाचे पोते दुकानातून पाठवायचे, रुग्णांच्या गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवायची आणि त्यांच्याबरोबर बसमध्ये बसायचे, एवढेच त्यांचे काम. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मला भाषण येत नाही. मी क्लबात कसा आलो, तेवढं सांगतो."

मग त्यांनी आपल्या आईविषयी सांगितले. आई दुकानाच्या मागच्या सोप्यात बसून तांदूळ निवडीत असे. एका वर्षी गिऱ्हाइकांच्या तक्रारी येऊ लागल्या की तांदळात खडे राहतात. ते आईवर रागावले. "लक्ष कुठं असतं तुझं?" असे चार माणसांदेखत बोलले. आई काही बोलली नाही. तिने सूप बाजूला ठेवले आणि त्यानंतर ती भिंतीला टेकून नुसतीच बसू लागली. वय झाले, असे घरच्यांनी मानले. पुढे एका संध्याकाळी ती पायरीवरून पडली, खुब्याचे हाड मोडले. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी डोळ्यांत पाहिले तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पूर्ण पिकलेला. "यांना गेली दोन वर्षे तरी नीट दिसत नसावे," असे ते म्हणाले. त्या अंथरुणावरून आई उठली नाही.

"तिनं सांगितलं नाही," दुकानदार म्हणाले, "आणि मी विचारलं नाही."

पुढच्या वर्षी क्लबच्या शिबिरासाठी तांदळाचे पोते मागायला शेजारी आले. हे पोते पोहोचवायला गेले आणि तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णांच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या काढल्या जात होत्या. शेतमजुरी करणाऱ्या एका म्हातारीची पट्टी निघाली. तिने डॉक्टरांकडे पाहिले नाही, मुलाकडे पाहिले नाही. तिने प्रथम स्वतःचे दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले आणि म्हणाली, "आगं बया, माझं हात एवढं म्हातारं कधी झालं!"

"तेव्हापासून मी दरवर्षी जातो. लोक म्हणतात, पुण्य लागतं. मला त्यातलं काही कळत नाही. मी त्या खड्यांसाठी जातो," एवढे बोलून ते खाली बसले.

वीज आली तरी चित्रे पुन्हा दाखवावीत असे कुणालाच वाटले नाही. त्या सायंकाळी तिघा तरुणांनी नाव नोंदवले. त्यांतला एक मला म्हणाला, "माझी आजी अलीकडे चहाची कपबशी चाचपडत उचलते. आम्ही सगळे तिला हसतो." तो सभासद होण्याआधी आजीला घेऊन तपासणीला गेला.

हा प्रसंग मी पुष्कळदा मनात घोळवला. माझ्या माहितीपत्रकातले आकडे खोटे नव्हते. त्यामागे अनेकांचे कष्ट होते. पण आकडा वाचणाऱ्याला एवढेच कळते की काम व्यवस्थित चालले आहे, आपल्यावाचून अडलेले नाही. दुकानदारांच्या बोलण्यात मात्र ऐकणाऱ्याला आपले घर दिसले. शिवाय त्यांनी मोठेपणा सांगितला नाही, उणेपण सांगितले. ज्याच्या हातून चूक झाली तोही इथे कामाला येऊ शकतो, हे त्या तरुणांना उमगले. आपण फार थोर असल्याखेरीज समाजसेवेत पडू नये, असा जो एक संकोच चांगल्या मुलांच्या मनात असतो, तो त्यामुळे गळून पडला.

सेवाक्लबांचा इतिहास पाहिला, तर तेथेही हेच आढळते. रोटरीचे उदाहरण घ्या. पॉल हॅरिस हे व्हरमाँट राज्यातील एका लहान गावी आजी-आजोबांजवळ वाढलेले वकील. शिकागोसारख्या अफाट शहरात व्यवसाय बरा चालला, पण गावाकडचा जिव्हाळा मिळेना. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी तिघा परिचितांना एकत्र बोलावले. एक खाण अभियंता, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी आणि स्वतः वकील. बैठका पाळीपाळीने प्रत्येकाच्या कार्यालयात भरू लागल्या, म्हणून 'रोटरी' हे नाव पडले. जगभर पसरलेल्या या संघटनेच्या मुळाशी अशी एका माणसाची एकटेपणाची साधी गोष्ट आहे.

लायन्स क्लबांची संघटना शिकागोतच ७ जून १९१७ रोजी मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने उभी राहिली. व्यापाऱ्यांनी केवळ आपापसातील व्यवहारापुरते एकत्र न येता समाजासाठी काही करावे, ही त्यांची तळमळ. परंतु आज लायन्स म्हटले की आपल्याला नेत्रशिबिर आठवते, त्याचे मोठे श्रेय एका पाहुणीला आहे. ३० जून १९२५ रोजी ओहायो राज्यातील सीडर पॉइंट येथील अधिवेशनात हेलन केलर बोलायला उभ्या राहिल्या. एकोणीस महिन्यांच्या असताना आजारपणात त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली होती. १८८७ साली अॅन सलिव्हन या शिक्षिका घरी आल्या, त्यांनी तळहातावर अक्षरे रेखून या मुलीला शब्दांचे जग उघडून दिले. ही स्वतःची कहाणी हेलन केलर यांनी थोडक्यात सांगितली, आपल्याला जी संधी लाभली ती इतरांनाही लाभावी असे म्हटले आणि पुढे नेमकी मागणी केली. जे अंधत्व टाळता येण्यासारखे आहे ते टाळण्यास साहाय्य करा, शिक्षणावाचून एकही बहिरे-आंधळे मूल राहू देऊ नका, अंधांचे पाठीराखे व्हा. सभागृहातील मंडळींनी ते मनावर घेतले. आजही १ जून हा दिवस लायन्स क्लब हेलन केलर यांच्या नावाने पाळतात. १९५६ साली मुंबईत भारतातील पहिला लायन्स क्लब स्थापन झाला. पुढे आपल्याकडे गावोगावी झालेल्या नेत्रशिबिरांच्या मागे तीस वर्षांपूर्वीचे ते छोटेसे भाषण उभे होते, असे म्हणायला हरकत नाही.

या प्रसंगातील दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. एक, हेलन केलर यांची गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली नाही. ती त्यांची होती आणि त्यांनीच सांगितली. दुसरी, गोष्ट संपल्यावर श्रोत्यांना केवळ हळहळत बसवले नाही. करता येईल असे काम हाती दिले.

कामाचे म्हणाल तर ते किती लहान असावे? १९३० साली अमेरिकेतील पिओरिया या शहरी जॉर्ज बॉनहॅम या लायन सभासदाने एका अंध माणसाला रस्ता ओलांडताना धडपडताना पाहिले. त्याची काठी काळी, रस्ताही काळपट. मोटारचालकांना ती दिसेना. बॉनहॅम यांनी क्लबमध्ये जाऊन आपण काय पाहिले ते सांगितले आणि काठीला पांढरा रंग देऊन लाल पट्टा काढण्याची कल्पना मांडली. क्लबने तशा काठ्या वाटल्या. पांढऱ्या काठीच्या प्रसाराला यातून मोठी गती मिळाली.

इथवर सारे सुखाचे झाले. आता अपराधाकडे वळतो.

दुकानदारांच्या भाषणाचा परिणाम पाहून मला वाटले, किल्ली सापडली. यापुढे आकडे नकोत, गोष्टी सांगाव्यात. पुढच्या वर्धापनदिनी भाषणाची वेळ आली तेव्हा मी एका मुलीची गोष्ट निवडली. आमच्या क्लबने तिची महाविद्यालयाची फी भरली होती आणि पुस्तकपेढीतून पुस्तके दिली होती. वडील अकस्मात गेलेले, घरावर कर्ज, आई पहाटे उठून पोळीभाजीचे डबे करून देते, मुलगी डबे पोहोचवून मग वर्गात जाते. हे सारे मी शक्य तितक्या हृदयस्पर्शी शब्दांत वर्णन केले. नाव घेतले नाही, एवढी काळजी आपण घेतली याचे मला समाधानही वाटले. पण लहान गावात नाव कशाला लागते? डब्यांचा उल्लेख होताच अर्ध्या सभागृहाला घर कळले.

ती मुलगी त्या वेळी सभागृहातच होती. स्वागतगीत म्हणण्यासाठी आम्हीच तिला बोलावले होते.

त्या सायंकाळी देणग्या चांगल्या जमल्या. माझ्या भाषणाची प्रशंसा झाली. दुसऱ्या दिवशी ती पुस्तकपेढीची सारी पुस्तके पिशवीत घेऊन माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "काका, फी तुम्ही भरलीत, त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण आई डबे का करते, हे मी वर्गात कुणालाच सांगितलं नव्हतं." आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हते. पुस्तके मोजून देऊन ती गेली.

मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. आईने पाणी दिले, बसायला सांगितले, राग दाखवला नाही. पण पुढच्या महिन्यापासून क्लबच्या पत्त्यावर एक पाकीट येऊ लागले. त्यात थोडे पैसे असत. वर कुणाचे नाव नसे, फक्त तारीख असे. आम्ही ते परत नेऊन दिले, ते पुन्हा आले. भरलेल्या फीची रक्कम पुरी झाली तेव्हा पाकिटे थांबली. ती मुलगी पुढे शिकली, नोकरीला लागली. आमच्या क्लबशी तिचा संबंध राहिला नाही, आणि तो राहावा अशी अपेक्षा करण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

दुकानदारांनीही गोष्टच सांगितली होती आणि मीही गोष्टच सांगितली. मग फरक कोठे पडला? त्यांनी स्वतःचे झाकलेले उघडे केले, मी दुसऱ्याचे. त्यांना ते बोलताना स्वतःकडून काही द्यावे लागले. माझ्या भाषणाची किंमत मात्र त्या मायलेकींनी भरली. हेलन केलर यांचे भाषण मी आधीही वाचले होते, पण कहाणी कुणाच्या तोंडून आली होती, हे मी लक्षात घेतले नव्हते.

म्हणून पत्रलेखक बंधूंना चार गोष्टी सुचवतो.

पहिली, तरुणांच्या बैठकीत अहवाल वाचू नका. तो छापून घरी द्या. हिशेब चोख असणे आणि तो कुणालाही पाहता येणे आवश्यकच आहे. बैठकीत मात्र दोन-तीन सभासदांना, प्रत्येकी पाचच मिनिटे, "मी इथे का आलो आणि का टिकलो" एवढेच सांगू द्या. चांगले वक्ते निवडू नका. खजिनदार बोलतील, बसचे चालक बोलतील, शिबिरात स्वयंपाक सांभाळणाऱ्या भगिनी बोलतील. त्यांचे बोलणे आपण लिहून देऊ नये आणि सुधारूही नये.

दुसरी, ज्यांना साहाय्य मिळाले त्यांची गोष्ट त्यांची आहे. त्यांनी आपणहून सांगितली तर नम्रपणे ऐकावी. आपण सांगायची असेल, तर आधी मोकळेपणाने विचारावे. हेही ध्यानात ठेवावे की ज्याने नुकतेच आपल्याकडून काही घेतले आहे, त्याला 'नाही' म्हणणे जड जाते. म्हणून मदत देताना विचारूच नये. पुष्कळ काळ जाऊ द्यावा आणि पुन्हा एकदा विचारावे. मुलांच्या बाबतीत तर मोह सर्वस्वी टाळावा. एका ब्लँकेटला दहा जणांचे हात लागलेली आणि मध्ये मान खाली घातलेला वृद्ध उभा असलेली छायाचित्रे आपण पुष्कळ पाहतो. ती पाहून कुणी तरुण क्लबमध्ये आल्याचे मला ठाऊक नाही.

तिसरी, फसलेले प्रसंगही सांगावेत. आमच्या एका शिबिरात तपासणीला शंभरावर माणसे आली, परंतु शस्त्रक्रियेच्या दिवशी बस अर्धी रिकामी निघाली. नंतर कळले की सुगी चालू होती आणि म्हाताऱ्यांबरोबर यायला घरचे कुणी मोकळे नव्हते. मोतीबिंदू पुरता पिकल्याशिवाय काढू नये, हा जुना समजही काहींच्या मनात होता. आजच्या शस्त्रक्रियेसाठी तसे थांबण्याची गरज नसते, हे आम्ही त्यांना नीट सांगितलेच नव्हते. पुढच्या वर्षी आम्ही तारीख बदलली आणि प्रत्येक वाडीवर एक स्वयंसेवक आधी पाठवला. ही हकीकत ऐकून एका तरुणीने विचारले, "त्या वाड्यांवर जायला कुणी हवे आहे का?" यशाची वर्णने ऐकून असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

चौथी, गोष्टीच्या शेवटी काम मागावे, सभासदत्व मागू नये. "अमुक रविवारी सकाळी सात ते दहा, नोंदणीच्या टेबलावर दोन माणसे हवीत," असे स्पष्ट सांगावे. तीन तास द्यायला माणूस लगेच तयार होतो. जन्मभराची बांधिलकी मागितली की घरी विचारून सांगतो म्हणतो. तो रविवारी आला आणि एखाद्या आजींचा हात त्याच्या हातात आला, की पुढचे निमंत्रण आपल्याला द्यावे लागत नाही.

एक शंका मात्र आपल्या वाचकांच्या मनात येईल आणि ती रास्त आहे. आपल्याकडे गुप्तदानाला मान आहे. या हाताने दिलेले त्या हाताला कळू नये, अशी घरोघरची शिकवण आहे. मग स्वतःच्या सेवेची गोष्ट चारचौघांत सांगणे ही आत्मस्तुती नव्हे काय? मला वाटते, गोष्टीत आपण कोठे उभे आहोत, यावर ते अवलंबून आहे. "मी इतके दिले" ही आत्मस्तुती खरी. "मला उशिरा कळले, तुम्हाला वेळेवर कळावे," यात स्तुती कसली? दुकानदारांनी किती पोती तांदूळ दिला, हे आजवर आम्हाला ठाऊक नाही. हिशेबात ते लिहू देत नाहीत. दान त्यांनी गुप्त ठेवले. आईला टाकून बोललो, ते मात्र लपवले नाही. आपण बहुतेक जण याच्या नेमके उलट करतो.

सचिव महाशय, आपल्या क्लबमध्येही असे एखादे गृहस्थ किंवा भगिनी नक्की असतील, ज्यांनी आजवर माईक हातात घेतलेला नाही. पुढच्या बैठकीपूर्वी त्यांच्या घरी जा. चहा घ्या. "आपण क्लबमध्ये कसे आलात?" एवढेच विचारा आणि मग स्वतः काही बोलू नका. जे ऐकायला मिळेल ते सभेत सांगायची त्यांची इच्छा असेल तर त्यांना बोलू द्या. इच्छा नसेल तर ते आपल्यापाशीच ठेवा. तेही व्यर्थ जाणार नाही.

आमचे नेत्रशिबिर यंदाही आहे. दुकानदार आता थकले आहेत. बसमध्ये त्यांची जागा त्यांच्या नातवाने घेतली आहे. तरीही नोंदणीच्या आदल्या रात्री ते पोते उघडून बसतात आणि रुग्णांसाठीचे तांदूळ चष्मा लावून स्वतः निवडतात. आजकाल तांदूळ स्वच्छच येतो, खडे सापडत नाहीत. त्यांना तसे कुणी सांगत नाही.